डम्पस्टरचे जादा ६०३ डॉलर: फोन ठेवा, पत्र टाका

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकांनी लिहिलंय, आणि खरं सांगू का, थोड्याफार फरकाने हेच पत्र मला दर उन्हाळ्यात येतं, फक्त टाउन आणि आकडे बदलतात. मे महिन्यात घराचं छत बदललं. रूफर, म्हणजे छताचं काम करणारा, म्हणाला डम्पस्टर, म्हणजे कचऱ्याचा भाड्याचा मोठा डबा, तुम्हीच मागवा, स्वस्त पडेल. यांनी एका वेबसाइटवर वीस यार्डचा बुक केला, ५७५ डॉलर, सात दिवस, तीन टनांपर्यंत वजन धरून. १९ मेला फोन केला की आता उचला, ट्रक आला २८ ला. ३० मेला कार्डावर अजून ६०३ डॉलर लागले, ३.९ टन जादा वजनाचे ४६८ आणि नऊ दिवस जादा भाड्याचे १३५. शिवाय ड्राइव्हवेच्या डांबरात दोन खोल चरे. ९ जूनच्या स्टेटमेंटवर हे सगळं दिसलं आणि तेव्हापासून कस्टमर सर्व्हिसशी फोनाफोनी चालू आहे. "मॅडम, कंपनीवर केस करू का?"

केसचं नंतर बघू. आधी कॅलेंडर काढा. ९ जूनपासून ६० दिवस म्हणजे ८ ऑगस्ट, आणि मी हे लिहितेय तेव्हा जुलै संपत आलाय. तुमच्या सगळ्या प्रकरणात निकाल लावणारी गोष्ट ही एवढीच आहे. तुम्ही दीड महिना होल्डवर म्युझिक ऐकण्यात घालवला, आता उरलेत मोजके दिवस.

क्रेडिट कार्डावर चुकीची रक्कम लागली तर फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट नावाचा १९७४ चा फेडरल कायदा आहे, तो तुम्हाला कोर्टाची पायरी न चढता दाद मागू देतो, पण अट अशी की ती चूक पहिल्यांदा ज्या स्टेटमेंटवर आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत तुमची लेखी तक्रार बँकेच्या हातात पडायला हवी. तुम्ही टाकली कधी ते नाही, त्यांना मिळाली कधी ते. आणि लेखी म्हणजे लेखी. डम्पस्टर कंपनीला केलेले फोन यात धरत नाहीत, बँकेला केलेलेसुद्धा धरत नाहीत. समोरची मुलगी "आय हॅव नोटेड युवर कन्सर्न सर" म्हणाली की आपल्या लोकांना वाटतं काम झालं. तिने नोट केलं असेलही, त्याने कायद्याचं घड्याळ थांबत नाही.

पत्र कुठे पाठवायचं तेही बघा. पैसे भरायचा पत्ता वेगळा आणि बिलाच्या तक्रारींचा वेगळा असतो, स्टेटमेंटच्या मागे बारीक अक्षरात 'बिलिंग इन्क्वायरीज' असं लिहिलेलं असतं, तिथे पाठवायचं. सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसकट. बँकेच्या ॲपमध्ये डिस्प्यूटचं बटण असेल तर तेही दाबा, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका, ऑनलाइन तक्रार लेखी म्हणून चालते असं बँकेनेच स्टेटमेंटवर म्हटलं असेल तरच ती मोजली जाते. पत्रात नाव, अकाउंट नंबर, वादातली रक्कम, आणि ती चूक का वाटते याची दोन वाक्यं. एक पान पुरे. तुम्ही मला जे साडेतीन पानी लिहिलंत ते बँकेला पाठवू नका प्लीज.

आता वादात नेमकं काय टाकायचं. भाड्याचे १३५ डॉलर सरळ आहेत, १९ तारखेला तुम्ही उचला म्हणालात, उशीर त्यांचा. ड्रायव्हरने तुम्हाला टेक्स्ट केलाय की ट्रक बंद पडलाय, मेमोरियल डेनंतर (मे अखेरच्या सुट्टीनंतर) येतो. त्याचा स्क्रीनशॉट जोडा. अख्ख्या प्रकरणात तुमच्याकडे असलेला हा एकमेव सणसणीत पुरावा आहे, आणि तो तुम्ही पत्राच्या शेवटी ता.क. मध्ये लिहिलाय!

वजनाचं मात्र मी जपून बोलेन. तुमचं छत २२ स्क्वेअर, म्हणजे २,२०० स्क्वेअर फूट, आणि त्यावर शिंगल्सचे, म्हणजे छतावर ठोकायच्या चपट्या तुकड्यांचे, दोन थर होते. साध्या अस्फाल्ट शिंगल्सचा एक थर स्क्वेअरला साधारण २३० ते २५० पाउंड भरतो, म्हणजे दोन थरांचे दहा-अकरा हजार पाउंड, इथल्या दोन हजार पाउंडांच्या टनात पाच ते साडेपाच टन. वर फेल्ट (शिंगल्सखालचा जाड कागद), खिळे, कुजलेलं प्लायवूड. म्हणजे तीन टनांत हे बसणार नव्हतंच, आणि रूफरला ते माहीत असणार, आणि तुम्ही त्याला विचारलं नाहीत. तेव्हा जादा वजनाचे काही पैसे द्यावेच लागतील असं धरून चाला. पण त्यांनी एकूण ६.९ टन लावलेत, ते मला जास्त वाटतात. खरं काय ते स्केल तिकिटावर कळेल. ट्रक डंपवर, म्हणजे कचरा डेपोवर, जातो तेव्हा भरलेला आणि रिकामा असं दोनदा वजन होतं आणि तारीख-वेळेसकट पावती निघते. ती मागा.

इथे कायद्यातली एक सोय फार कमी लोकांना माहीत असते. रक्कम चूक आहे असं तुम्हाला छातीठोकपणे सांगता येत नसेल, तरी या रकमेचा कागदोपत्री पुरावा द्या अशी मागणी हीसुद्धा या कायद्यात बिलिंग एररच, म्हणजे बिलातली चूकच, धरली जाते. म्हणजे ४६८ बद्दल "खोटं आहे" असं लिहू नका, "स्केल तिकीट दाखवा" असं लिहा. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग सायकलच्या आत, फार तर ९० दिवसांत, निकाल द्यायचा. तोवर वादातली रक्कम तुम्ही भरायची नाही आणि ती थकली म्हणून त्यांना क्रेडिट ब्युरोला कळवता येत नाही. ऑटोपे लावलं असेल तर ही रक्कम आपोआप भरली जाणार नाही ना ते आजच बघा.

"पण मी टर्म्समध्ये कार्ड ऑन फाइलवर (त्यांच्याकडे नोंदवलेल्या कार्डावर) जादा चार्ज लावायला परवानगी दिली होती" असं तुम्ही घाबरून लिहिलंय. दिली होती, बरोबर. काँट्रॅक्टप्रमाणे जे देणं लागतं तेवढ्याची दिली होती. मनाला येईल तो आकडा टाकायची नाही.

हे सगळं क्रेडिट कार्ड गृहीत धरून. तुम्ही नुसतं 'कार्ड' लिहिलंय. डेबिट असेल तर हा कायदा लागू नाही, त्याला इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर ॲक्ट नावाचा वेगळा फेडरल कायदा आहे, शिवाय बँकेचं स्वतःचं धोरण आणि कार्ड नेटवर्कचे नियम, तिथे मी काही खात्री देणार नाही.

ड्राइव्हवेचं अवघड आहे. जवळपास प्रत्येक डम्पस्टर काँट्रॅक्टमध्ये असतं की जागा ग्राहकाने दाखवली, फरशी-डांबराला काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. हे कलम कोर्टात नेहमी टिकतंच असं नाही, पण ड्रायव्हरने निष्काळजीपणा केला हे दाखवायला लागेल, आणि तुमच्याकडे आधीचे फोटो नाहीत, खाली फळ्या टाका असंही तुम्ही सांगितलं नव्हतंत. दुरुस्तीचं अठराशे डॉलरचं कोटेशन घेऊन स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, जाता येईल, न्यू जर्सीत तिथली मर्यादा ५,००० डॉलर आहे आणि काँट्रॅक्टच्या दाव्याला सहा वर्षं मुदत असते, म्हणून म्हटलं याची घाई नाही. पण आधी हे बघा की काँट्रॅक्ट कोणाशी आहे. पुष्कळ वेबसाइट्स नुसत्या दलाल असतात, डबा असतो गावातल्या हॉलरचा (कचरा वाहून नेणाऱ्याचा), आणि टर्म्समध्ये आर्बिट्रेशनचं, म्हणजे कोर्टाऐवजी लवादाकडे जायचं, किंवा दुसऱ्या राज्यातल्या कोर्टाचं कलम घुसडलेलं असतं. कोणावर दावा करायचा यावरच दोन तारखा जातात, तिसऱ्या तारखेला समोरचा येत नाही, आणि तुम्ही तिन्ही वेळा कामावर सुट्टी टाकून बसलेले.

रूफरचं काँट्रॅक्टही काढून ठेवा. त्यात कचरा उचलणं धरलेलं असेल तर तुम्ही त्याचे पैसे दोनदा मोजलेत, आणि तो वेगळा, कदाचित मोठा, वाद आहे. पाचशे डॉलरच्या वरचं काम या राज्यात लेखी काँट्रॅक्टशिवाय करता येत नाही, कागदावर १३ व्हीएचने सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर आहे का तेही बघा. नसेल तर मला परत लिहा. पण पोस्टात जाऊन आल्यावर.