प्लास्टर घालताना नाही, काढताना मुलं जास्त घाबरतात

सहा वर्षांच्या मुलाचा हात मनगटाजवळ मोडलाय, सध्या स्लॅब (एका बाजूचं अर्धं प्लास्टर, वर बँडेज) आहे, सूज उतरली की पूर्ण प्लास्टर घालायचंय आणि तो आत्तापासूनच "मशीनने माझा हात कापतील" म्हणून रडतोय, त्याला काय सांगू, असं तुम्ही विचारलंय. मी हाडांच्या विभागात प्लास्टर घालण्या-काढण्याचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे.

आधी एक विनंती. "काहीच होणार नाही, कळणारसुद्धा नाही" असं त्याला सांगू नका. आवाज होतो, गरम लागतं, हात थरथरतो. घरच्यांनी "काही नाही" म्हटलं आणि पुढ्यात एवढं सगळं घडलं, की मूल आमच्यावर तर सोडाच, तुमच्यावरही विश्वास ठेवत नाही. "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" हे तर चुकूनही नको. काय ऐकू येईल, काय दिसेल, हाताला काय जाणवेल, एवढंच त्याला समजेल अशा शब्दांत सांगा. आणि रडू आलं तर रडू द्या. रडणारं मूलसुद्धा हात स्थिर ठेवू शकतं.

त्याच्या वयाला आदल्या दिवशी सांगितलेलं पुरतं. आठवडाभर आधी सांगितलंत तर तो आठवडाभर तेच घोकत बसेल. टेडीच्या हाताला कापूस आणि बँडेज गुंडाळायचा खेळ खेळा, पण ते सोडवण्याचा खेळही खेळा. बरेच पालक तिथपर्यंत जातच नाहीत, आणि खरी भीती तर तिथेच असते.

घालणं तसं सोपं. आधी मऊ कापडी नळी, मग कापसाचे थर, मग पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या. पांढरं प्लास्टर पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. "हात थोडा वेळ गरम लागेल, मग गार होईल" हे आधी सांगून ठेवा, नाहीतर भाजतंय असं वाटून मूल हात ओढून घेतं. गरम आहे तोवर त्यावर पांघरूण घालू नका, ऊब आत कोंडते. हात विशिष्ट स्थितीत धरावा लागतो, तेव्हा थोडं दुखू शकतं, तेही लपवू नका. हाड जागेवर बसवायचं असेल तर दुखू नये म्हणून काय देणार, हे डॉक्टरांना आधीच विचारा. फायबरचं प्लास्टर असेल तर त्यात रंग मिळतात. रंग त्यालाच निवडू द्या.

पहिले 2-3 दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा आणि बोटं हलवायला सांगत राहा. औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, किंवा तुम्ही बोट सरळ करताच तो कळवळला, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. खाज सुटली म्हणून आत फूटपट्टी किंवा पेन्सिल घालू देऊ नका, आत जखम होते आणि बाहेरून दिसत नाही.

आता काढण्याविषयी. प्लास्टर कापायचं यंत्र 1940 च्या दशकात होमर स्ट्रायकर या अमेरिकन हाडांच्या डॉक्टरांनी शोधलं. त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी अगदी थोडं इकडे-तिकडे हलतं. टणक प्लास्टर हलत नाही म्हणून कापलं जातं. मऊ कातडी पात्याबरोबर हलते, शिवाय मध्ये कापूस असतो. तरी पातं घर्षणाने तापतं, फायबरवर तर जास्तच, आणि ते कातडीवर दाबलं किंवा ओढलं तर इजा होऊ शकते. म्हणून आम्ही ते दाबायचं, उचलायचं, पुढे सरकायचं, असं चालवतो आणि मध्ये थांबून गार होऊ देतो. मूल "गरम" म्हणालं की थांबायचंच. "काही नाही होत" म्हणून त्याला तुम्ही गप्प करू नका.

माझी पद्धत सांगते. आधी यंत्र बंदच मुलाला बघू देते. मग मिक्सरसारखा मोठा आवाज येणार असं सांगून लांबूनच चालू करते. मग चालू पातं माझ्या तळहाताला हलकेच टेकवते आणि मुलाला माझ्या कोपराला हात लावायला सांगते, म्हणजे थरथर त्याच्याही हाताला कळते. (घरी हे कोणत्याही यंत्राने करून दाखवू नका, ते आमचं काम आहे.) मग ठरतं की त्याने दुसरा हात वर केला की मी थांबणार. बहुतेक मुलं सुरुवातीलाच एकदा हात वर करून बघतात, मी खरंच थांबते का ते. मी थांबते. त्यानंतर सहसा हात वर होत नाही. तुम्हीही तिथल्या माणसांकडे हे मागा, आणि आवाज सहन होत नसेल तर कान झाकायचे हेडफोन सोबत न्या.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. कापून झाल्यावर चिमट्याने प्लास्टर फाकवतात तेव्हा "कड्" असा आवाज येतो. मुलाला वाटतं हाड पुन्हा मोडलं. शेवटी बोथट टोकाच्या कात्रीने कापूस कापतात, तीही थंड लागते. दोन्ही आधी सांगून ठेवा.

आणि मग हात दिसतो. बारीक झालेला, कातडीचे पापुद्रे निघणारा, वास येणारा, कधी लव वाढलेला. हलका वाटतो, आपोआप वर उचलल्यासारखा होतो. "हा माझा हात नाही" म्हणत मुलं तो पोटाशी धरून बसतात. हे सगळं तात्पुरतं असतं. कोमट पाण्याने हळूच धुवा, पापुद्रे घासून काढू नका, साधं मॉइश्चरायझर लावा. कोपर किंवा मनगट आखडलं असेल तर तुम्ही ओढून सरळ करू नका, खेळता-खेळता तो स्वतःच वापरू लागेल. उड्या मारायचे, पडण्याचा धोका असलेले खेळ कधीपासून चालतील ते मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या, कारण घरी पोचल्यावर त्याचा पहिला प्रश्न तोच असेल.