केमो सुरू होण्याआधी भावाचं वीर्य साठवून ठेवावं का? अमळनेरहून ते कसं जमवायचं?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. हो, साठवा, आणि पहिली केमो लागायच्या आत साठवा.

तुम्ही लिहिलंय की भाऊ २२ वर्षांचा आहे, हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघालाय, पुढच्या आठवड्यात केमो सुरू होणार आणि घरात सगळ्यांचं एकच म्हणणं आहे: ‘पहिले जीव वाचू दे, पोऱ्यासोऱ्यास्नं मंग देखसूत.’ मी मूळचा पाचोऱ्याचा. नाशिकला एका वंध्यत्व केंद्राच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतोय, आणि हे वाक्य आपल्याकडच्या माणसांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलंय. त्यामागची माया खरी असते, म्हणून त्यांच्याशी भांडू नका. त्यांना एवढंच सांगा की या कामाने केमोची तारीख पुढे जात नाही. मुलाच्या बाबतीत हे दोन-तीन दिवसांत उरकतं, आणि केमोआधीच्या तपासण्या चालू असतानाच उरकतं.

केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. वृषणात शुक्राणू सतत तयार होत असतात, त्यामुळे तिथल्या पेशीही त्या माऱ्यात सापडतात. हॉजकिनला बहुतेकदा आधी एबीव्हीडी नावाची चार औषधं देतात. त्यानंतर बऱ्याच मुलांचे शुक्राणू काही काळाने परत येतात. म्हणून डॉक्टर ‘याने फारसं बिघडत नाही’ म्हणाले, तर ते चूक नाहीत. पण आजाराने या औषधांना दाद दिली नाही किंवा तो उलटला, तर जड औषधं येतात. सायक्लोफॉस्फमाइड, प्रोकार्बाझिन, पुढे मोठ्या डोसची केमो आणि बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट. तिथे शुक्राणू कायमचे बंद होण्याची भीती मोठी असते, आणि तोवर साठवण्याजोगं सॅम्पल हातात राहिलेलं नसतं. केमो चालू असताना बनलेल्या शुक्राणूंच्या डीएनएला इजा झालेली असू शकते, म्हणून त्या काळातलं सॅम्पल घेणं टाळतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. कॅन्सरच्या डॉक्टरांकडून आजच एक चिठ्ठी घ्या. तिच्यावर निदान, ठरलेली औषधं आणि केमोची तारीख असू द्या. आधार कार्ड लागेल. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिसची) या रक्ततपासण्या लागतील. त्या केमोआधी झालेल्या असतील तर रिपोर्ट सोबत ठेवा. सॅम्पलआधी दोन ते पाच दिवस वीर्यपात झालेला नसला तर उत्तम, पण वेळच नसेल तर त्यापायी अडून बसू नका. एक-एक दिवस सोडून दोन-तीन सॅम्पल मिळाले तर छान. एकच मिळालं तरी ते ठेवा.

घरून डबीत भरून न्यायचा विचार मनात असेल तर तो सोडा. सॅम्पल तासाभरात लॅबच्या हातात पडायला हवं, आणि अमळनेरहून धुळ्याला पोचेपर्यंतच तास जातो. भावालाच केंद्रावर न्या. धुळे किंवा जळगावला सोय आहे का, हे आधी फोनवर विचारा. ‘सीमेन फ्रीझिंग करता का, कॅन्सर पेशंटसाठी करता का, सॅम्पल साठवायची टाकी तुमच्याकडेच आहे का आणि तुमचा नोंदणी क्रमांक काय’, एवढे प्रश्न पुरेत. वंध्यत्व उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यापासून अशा केंद्रांना आणि बँकांना नोंदणी सक्तीची आहे. केमो मुंबईला किंवा नाशिकला घ्यायची असेल तर तिथेच एक-दोन दिवस आधी पोचा आणि हे काम उरका. अनोळखी गावात दोनदा मुक्काम पडत नाही.

साठवण म्हणजे नेमकं काय, हे घरच्यांना समजावणं आपल्याकडे सोपं आहे. रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी मुलाला घेऊन आले होते. मी नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उचललं, पांढरी वाफ बाहेर आली, आणि ते लगेच म्हणाले, ‘हा तर गुरांच्या डॉक्टरांचा कॅन.’ अगदी तसाच. गाय भरवायला जो डोस येतो, तोही असाच उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेला असतो. त्यांचा मुलगा तोवर खाली मान घालून बसला होता. वडिलांना हे काम ओळखीचं वाटलं तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं, आणि मला स्वतः प्रश्न विचारला: ‘किती वर्षं टिकतं?’

टिकतं. इंग्लंडमध्ये एका मुलाचं वीर्य १७ व्या वर्षी, कॅन्सरच्या उपचाराआधी गोठवलं होतं. २१ वर्षांनी ते वापरून त्याला मूल झालं.

काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी आला तर घाबरू नका. हॉजकिनमध्ये उपचाराआधीच तो कमी असणं नवीन नाही, आणि गोठवून परत वितळवताना त्यातले पुष्कळ शुक्राणू मरतात, हेही खरं. पण १९९२ पासून इक्सीने मुलं जन्माला येताहेत. त्यात एका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात. त्यामुळे पूर्वी फेकून दिलं असतं असं सॅम्पलही आज कामाचं असतं.

फॉर्मवर सही करायच्या आधी एक रकाना नीट वाचा: पेशंट हयात नसेल किंवा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर सॅम्पलचं काय करायचं? हे लेखी घेतल्याशिवाय केंद्राला साठवताच येत नाही, तसा कायदाच आहे. हा प्रश्न वाचून आईचे डोळे भरून येतील, पण रकाना रिकामा सोडू नका आणि तो भावालाच भरू द्या. दिल्लीत केमोआधी वीर्य साठवलेला एक अविवाहित तरुण २०२० मध्ये वारला. त्याचं सॅम्पल मिळावं म्हणून आईवडिलांना उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि निकाल २०२४ मध्ये लागला.

दरवर्षी साठवणीचं भाडं असतं. किती, आणि चुकलं तर केंद्र काय करतं, हे लेखी घ्या. दोन मोबाइल नंबर द्या, त्यातला एक तुमचा. भाऊ उपचारांच्या धावपळीत असताना आलेला मेसेज कुणीतरी वाचायला हवा. केमोचा खर्च योजनेतून होत असला तरी हा खर्च खिशातून धरून चला.

आता भावाशी बोलायचं कसं. तुम्ही बोला, पण चौघांत नको. काका-मामा बसलेत आणि विषय निघालाय, असं झालं की पोरगा नाही म्हणून मोकळा होतो. शक्य असेल तर डॉक्टरांनाच त्याच्याशी एकट्याने बोलायला सांगा. सॅम्पल द्यायला कडी असलेली वेगळी खोली असते, कुणी घाई करत नाही. आजारपणात, टेन्शनमध्ये पहिल्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत जाता येतं. अजिबातच जमलं नाही तर छोट्या शस्त्रक्रियेने वृषणातून शुक्राणू काढता येतात. हे त्याला आधीच सांगा, म्हणजे डोक्यावरचं ओझं कमी होईल. तो विचार करून नको म्हणाला, तर मात्र त्याचं ऐका.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी मुलगी आजारी असेल, तर त्यांनी आणखी लवकर विचारा. स्त्रीबीजं गोठवायला दहा-बारा दिवस इंजेक्शनं आणि मग थोडा वेळ भूल देऊन बीजं काढणं, असे साधारण दोन आठवडे लागतात. पाळीची वाट पाहावी लागत नाही, कोणत्याही दिवशी सुरू करता येतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देतात, म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक फार चढत नाही. वयात न आलेल्या मुलींसाठी अंडाशयाचा तुकडा गोठवायची पद्धत आहे. मुलासाठी धावणारं घर मुलीच्या बाबतीत ‘लग्न व्हायचंय अजून’ म्हणून गप्प बसतं, हे मी पाहतो आणि मला ते फार लागतं. लग्न व्हायचंय म्हणूनच तर विचारायचं.

भावाची केमो संपल्यावर किती काळ मूल होऊ द्यायचं नाही, हे त्याच्या डॉक्टरांना विचारा. तो काळ सरला की त्याचा काउंट तपासून घ्या. नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, पण केमोनंतर ते परतायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात, म्हणून एका शून्य रिपोर्टवर काही ठरवू नका आणि तोवर साठवलेलं सॅम्पल काढून टाकू नका.