अंगणातल्या पेरूला नुसता पाला, पावसाळ्यातली फळं अळ्यांची. छाटणी करावी का आणि कधी?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे सहज लिहिलंय ना, "सासूबाई म्हणतात फळत्या झाडाला कात्री लावू नये", ते वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. बाकी प्रश्न सोपा आहे. सात वर्षांचं झाड, उंच गेलंय, पाला दाट, जुलै-ऑगस्टमध्ये फळ फोडलं की आत वळवळ. मे महिन्यात छाटा, झालं उत्तर. पण सासूबाईंचं काय करायचं हे कोणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडे इंदुरात पेरूला जाम म्हणतात. पुण्याची मंडळी पहिल्यांदा ऐकून हसतात, हसू दे. आमचं जामाचं झाड नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, 1994 साली लावलं. लखनौ-49, ज्याला सरदार म्हणतात ते. नाव लखनौचं असलं तरी ही जात निवडली गेली पुण्याला गणेशखिंडीत, 1927 साली, अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून. हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांच्या मते झाड लखनौचंच होतं आणि लखनौच्या झाडाला पुण्याची कात्री चालत नाही.

नाना खताच्या बाबतीत फार हौशी. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीतज्ज्ञ साहेबाने 1924 ते 31 इथेच, आत्ताच्या शेतकी कॉलेजच्या जागेवर, कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली आणि 1935 साली गांधीजी ती बघायला आले, हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. अंगणात खड्डे, शेण, पाचोळा, सगळं व्यवस्थित. आणि भर उन्हाळ्यात झाडाला रोज दोन बादल्या पाणी. आता सांगा, काळी माती, वर एवढं खत, एप्रिलमध्येसुद्धा पाणी, तर झाड पाला नाही काढणार तर काय? तुमच्याकडेही हेच होत असणार. फेब्रुवारीनंतर पाणी तोडा. पानं मलूल होतील, थोडी गळतीलही. होऊ दे.

पेरूचं गणित एवढंच आहे की फूल नव्या फुटीच्या पानाच्या बेचक्यात येतं, जुन्या लाकडावर नाही. फूट कधी निघते त्यावर फळ कधी येणार ते ठरतं. वसंतात फूट निघाली तर फळ पावसाळ्यात, म्हणजे पाणचट आणि फळमाशीचं माहेरघर. जून-जुलैत फुललं, ज्याला मृग बहार म्हणतात, तर फळ नोव्हेंबर ते जानेवारी. थंडीतलं जाम, त्यावर जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी चटकदार मसाला. ज्यांनी खाल्लंय त्यांना पुढे सांगायला नको. तर मे महिन्यात वसंतातली फूट अर्धी कापायची, त्यावरची फुलं आणि बोराएवढी फळं त्याबरोबर जातात, आणि पाऊस आला की झाड नव्याने फुटतं. पाप असेल तर ते एवढंच, की पावसाळ्यातल्या अळ्यांची उपासमार होते.

2012 च्या मे महिन्यात नाना आणि सासूबाई डोंबिवलीला लग्नाला गेले. दहा दिवस. मी दुसऱ्याच दिवशी शिडी लावली. नर्सरीतून माळीदादांना बोलावलं होतं, त्यांनी झाड बघून "बाई, इतनी गर्मी में काटोगी तो सूख जाएगा" म्हटलं आणि चहा पिऊन गेले. मग मीच सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आणि नवऱ्याची करवत घेऊन चढले. आधी मधली सरळ आकाशात गेलेली काठी काढली, मग आतले एकमेकांना घासणारे फाटे, मग टोकं. आणि मग, खरं सांगायचं तर, हात थांबेना. कापायला लागलं की एक नशा असते, अजून एक, हा एक, तोही वाकडाच दिसतोय. संध्याकाळी खाली उतरून पाहिलं तर अंगणात पहिल्यांदाच शेजारच्यांची गच्ची दिसत होती.

अवंतिका एक्सप्रेसने दोघं सकाळी आली. नाना रिक्षातून उतरले, बॅग पायरीवर ठेवली आणि थेट झाडाशी गेले. बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. मग विचारलं, "आजारी होतं का?"

"नाही."

"मग?"

मी बहार, फूट, मृग असं काहीतरी बोलले. ते ऐकून घेतलं आणि आत गेले. पुढे अकरा दिवस माझ्याशी बोलणं सासूबाईंमार्फत. "तिला सांग, पोस्टमन आला होता." मी समोरच उभी असायची.

जुलैत झाड पांढऱ्या फुलांनी भरलं. डिसेंबरात जी फळं आली तशी त्या झाडाला अठरा वर्षांत आली नव्हती, एकेक मुठीत न मावणारं. नानांनी संक्रांतीपर्यंत एक फोड तोंडात घातली नाही. संक्रांतीला सासूबाईंनी कोशिंबीर केली, न सांगता वाढली, त्यांनी दोनदा घेतली. त्यावर कोणीच काही बोललं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलंच नसतं. दोन वर्षांनी झाडाच्या तीन मोठ्या फांद्यांपैकी नैर्ऋत्येची वाळली. आणि त्या गणपतीत आमचे भावजी, ज्यांनी त्या झाडाला आयुष्यात तांब्याभर पाणी घातलं नाही, सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनींनी नानांचं झाड मारलं." नाना तेव्हा गप्प बसले. ते 2019 ला गेले. भावजी मात्र अजून कुटुंबाच्या ग्रुपवर दर मे महिन्यात लिहितात, "कात्री जपून हं वहिनी," पुढे हसरा चेहरा.

आता ऐका. ती फांदी सुतार कापत होता तेव्हा मी शेजारी उभी होते. फांदी जिथून निघते त्या बेचक्यात पेन्सिलीएवढं भोक, आत वीतभर खाली गेलेला बोगदा, आणि बाहेर सालीवर भुसा आणि विष्ठेची जाळीदार पट्टी. साल खाणारी अळी. ती काय माझ्या सिकेटरने आणली? मी तो तुकडा दोन वर्षं जिन्याखाली ठेवला होता, भावजींना दाखवायला. ते आले की मी विसरायची, मग एका दिवाळीत सफाईत गेला.

पण त्याच फांदीच्या वरच्या अंगाला साल उभी चिरली होती आणि आतलं लाकूड करडं पडलं होतं. ते मात्र माझं काम. बेचाळीस अंशांत, कायम सावलीत राहिलेल्या फांदीवरचा सगळा पाला एका दिवसात काढला, साल भाजणारच. अळीला अशी चिरलेली साल सोपी पडते का? पडत असेल. भावजींना हे सांगू नका.

त्यानंतर मी पद्धत बदलली. कापते कमी, वाकवते जास्त. अंगठ्याएवढ्या जाडीची उभी फांदी घ्यायची, टोकाला वीतभर पाला ठेवून खालची पानं आणि बारीक फाटे खुडायचे, मग हळूहळू वाकवून दोरीने खाली बांधायची. दोरी सालीत रुतू नये म्हणून खाली गोणपाटाची पट्टी. खुंटी नसेल तर वीट लटकवा. शेंडा सगळ्यात उंच असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतो; फांदी आडवी झाली की दाब उतरतो आणि आठ-दहा दिवसांत फांदीभर डोळे फुगतात. महिना-दीड महिन्याने दोरी सोडा. आणि सासूबाईंना सांगता येतं की कापलं नाही, नुसतं वाकवलं. आमच्या घरी हे फार उशिरा सुचलं.

राहिलेल्या गोष्टी. उंच गेलेलं झाड एका वर्षात खाली आणू नका, दरवर्षी एखादी मोठी फांदी, बस. मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, प्लास्टिकच्या डब्यात, लोखंडी नको. उघड्या पडलेल्या फांद्यांना नुसता चुना फासला तरी ऊन लागत नाही. बागायतदार वसंतातली फुलं गाळायला 10 टक्के युरिया फवारतात; अंगणात, खाली कपडे वाळत असताना, त्या भानगडीत पडू नका. जून संपला असेल तर यंदा कात्री लावूच नका, फुलंच कापाल.

आणि एक, हे खरं आधी लिहायला हवं होतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत उजव्या बेचक्यात तपकिरी जाळीसारखं दिसतंय. ते खरवडा, खाली भोक दिसेल. तार घालून आत फिरवा, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कोंबा आणि वर ओली माती लिंपून टाका. हे आजच करा, आणि करताना घरातल्या कोणालातरी बोलावून ते भोक दाखवून ठेवा.