प्राग ते ड्रेस्डेन डिसेंबरमध्ये दोघांनी जायचंय, विमान घ्यावं की ट्रेन?

ट्रेनच. जेमतेम अडीच तासांचा प्रवास, विमानाचा विचारही नको. जाताना उजवीकडची खिडकी पकडा. आधी व्ल्टावा, मग एल्बे नदी त्याच बाजूला सोबत करते आणि सीमा ओलांडल्यावर राटेनजवळ पलीकडच्या काठावर बास्टाइचे उभे सुळके दिसतात. फक्त सकाळची गाडी घ्या. चार वाजताच अंधारतं, मग काचेत आपलेच चेहरे! (आमचं येताना तेच झालं. बायको अजून ऐकवते.) गाडीत पोलीस कधीकधी पासपोर्ट बघतात, तो वरच्या बॅगेत कोंबू नका. ड्रेस्डेनला युरो लागतील, कोरुना प्रागलाच संपवा. संध्याकाळी स्ट्रिट्सेलमार्क्ट बघा, 1434 पासूनचा नाताळबाजार आहे. श्टोलेन केक तिथलाच घ्या.