आकडे जोडण्याचा वेग वाढला, तो औषधाने की सरावाने?

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला लिव्हर सिरॉसिस आहे. बोलण्यावागण्यात काही वावगे दिसत नसतानाही डॉक्टरांनी त्याला कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे क्रमाने जोडायला लावले आणि मेंदूवर सौम्य परिणाम असल्याचे सांगून लॅक्टुलोज सुरू केले. दोन महिन्यांनी तीच चाचणी त्याने बऱ्याच कमी वेळात पूर्ण केली. हा औषधाचाच गुण समजावा का?

उत्तर : एवढ्यावरून तसे ठामपणे म्हणता येणार नाही. आतड्यात तयार होणारा अमोनिया दुबळ्या यकृताकडून पुरेसा निकामी होत नाही, तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि लक्ष व वेग मंदावतो. लॅक्टुलोज हा अमोनिया कमी करते, त्यामुळे गुण येणे शक्य आहे. मात्र तोच कागद दुसऱ्यांदा समोर आला की निरोगी माणसाचाही हात सरावाने भरभर चालतो. म्हणूनच औषधाच्या परीक्षणात रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात, आकड्यांची मांडणी दर वेळी बदलतात आणि औषध न मिळालेल्या गटाची प्रगती वजा जाता जे उरते, तेवढेच औषधाच्या खात्यावर जमा करतात.

लॅक्टुलोजच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दिवसाला दोनतीन मऊ शौच होतील एवढी त्याची मात्रा ठेवावी लागते, आणि तो गोड पाक व पोटातली गुडगुड यांमुळे आपल्याला खरे औषध मिळाले की नाही, हे रुग्ण सहज ओळखतो. याच त्रासावर दिले जाणारे रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक गोळीच्या रूपात असल्याने तेथे प्लासिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) देणे सोपे जाते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या २९९ रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांत मेंदूवरचा त्रास पुन्हा उफाळण्याचे प्रमाण प्लासिबो गटात सुमारे ४६ टक्के, तर रिफॅक्सिमिन गटात २२ टक्के होते. पण त्या साऱ्यांना पूर्वी भ्रमाचे उघड झटके येऊन गेले होते (आणि बहुतेकजण सोबत लॅक्टुलोजही घेत होते), त्यामुळे ते आकडे तुमच्या भावाला जसेच्या तसे लावणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या मते सेकंदांपेक्षा रोजच्या व्यवहाराकडे पाहावे : रात्रीची झोप, हिशेबातल्या चुका, तोल जाणे आणि विशेषतः वाहन चालवताना होणारी दिरंगाई. या गोष्टींची नोंद ठेवून ती पुढच्या भेटीत दाखवा, चाचणीचा कागद बदललेला होता का हेही विचारा, आणि तोवर औषध आपल्या मनाने बंद करू नका.