टपरीवरचा तिसरा माणूस

मालिकेतल्या थोरल्या भावाच्या भूमिकेसाठी पुरस्कार घेताना तुम्ही ‘टपरीवरच्या तिसऱ्या माणसाचे’ आभार मानलेत. आमच्या घरात त्यावरून पैज लागलीय. तो कोण? – एक वाचक, विटा

पैज जिंकणाऱ्यानं अर्धे पैसे इकडं पाठवावेत, कारण तो मीच.

2018 साली साताऱ्याजवळ एका मालिकेचं शूटिंग चालू होतं. मित्राचा फोन आला, ‘मॉबला, म्हणजे गर्दीत उभं राहायला, माणसं कमी पडल्यात, येतोस का?’ मी सांगलीचा. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथं ‘सीता स्वयंवर’ केलं, त्या गावचा. आमच्याकडं विंगेत चहा देणारासुद्धा हे सांगितल्याशिवाय राहत नाही. मी राज्य नाट्य स्पर्धेत तीन वर्षं प्रॉम्प्टिंग केलेलं, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं सांगितलेली, आणि चौथ्या वर्षी दोन वाक्यांचा हवालदार. त्यामुळं मॉब म्हणजे अपमानच वाटला. पण पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते आणि मी घरी बसून होतो. गेलो.

सकाळी सातचा कॉल होता. म्हणून आदल्या रात्रीच एसटीनं जाऊन साताऱ्याच्या स्टँडवर बाकड्यावर झोपलो. सेटवर मला चहाच्या टपरीवर उभं केलं, तिघांतला तिसरा. हिरो गाडीवरून जातो, आम्ही त्याच्याकडं बघायचं, एवढंच. मी बघितलं. भावे नाट्यमंदिराच्या शेवटच्या रांगेला कळेल असं बघितलं. मॉनिटरमागून आवाज आला, ‘तो तिसरा कोण आहे? त्याला कुणीतरी चावलंय का?’

सगळं युनिट हसलं. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत एका असिस्टंटनं मला तो शॉट दाखवला. बाकीचे दोघं खरोखर चहा पीत होते, मी मात्र नाटक करत होतो. नाटकात भुवई उचलली तर तिसऱ्या रांगेपलीकडं कुणाला दिसत नाही. कॅमेऱ्याच्या क्लोज-अपमध्ये तीच भुवई दरवाज्याएवढी होते. चार वर्षांत जे कमावलं, ते कुठं खाली ठेवायचं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या दिवशी एक वाक्य मिळालं. कागदावर होतं : ‘आबा, वीज आली बगा!’ आमच्याकडं रात्री मोटर चालू करायला उठणारा कुठला शेतकरी ‘वीज’ म्हणतो? मी म्हणालो, ‘आबा, लाईट आली.’ ओरडलो नाही, कारण आबा दोन हातांवर होता. दिग्दर्शक म्हणाला, ‘ठेवा हेच.’

माझा शर्ट मात्र कंटिन्युटीत अडकला, म्हणजे पुढच्या सीनलाही तोच दिसायला हवा होता. घरातला एकच बरा शर्ट, तो कॉस्च्युमच्या पेटीत गेला आणि मी प्रॉडक्शनच्या टी-शर्टवर सांगलीला आलो. पैसे नव्वद दिवसांनी आले. शर्टाचा पत्ता अजून नाही.

मग मोठी भूमिका लगेच मिळाली का? – मिरज

कसली लगेच! 2019 च्या ऑगस्टमध्ये गावभागात पाणी शिरलं, आम्हाला घर सोडावं लागलं. आम्ही एका शाळेच्या वर्गात होतो. तिथंच फळ्यासमोर उभं राहून मी मोबाईलवर ऑडिशन करून पाठवली. मागं स्पीकरवर खिचडी वाटपाची घोषणा चालू. नकार आला. (नकार आला हेसुद्धा नशीब. बहुतेक वेळा काहीच येत नाही.) पुढं 2020 च्या मार्चमध्ये सगळंच बंद पडलं.

2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग थांबलं, तेव्हा कितीतरी मालिका गोव्याला, सिल्वासाला गेल्या. अशाच एका मालिकेत थोरल्या भावाचं काम करणाऱ्या नटाला घरच्या आजारपणामुळं जाता येईना. खिचडीवाली ऑडिशन कुणाच्या तरी लक्षात होती. फोन आला तेव्हा हातात चार तास होते. ज्या भूमिकेला पुरस्कार मिळाला, ती ही. मुळात दुसऱ्याची. पहिले दोन महिने प्रेक्षक मला ‘नवीन’ म्हणूनच ओळखत होते, आणि काहींनी तर जुन्यालाच परत आणा म्हणून पत्रं पाठवली.

ऑडिशनला ‘मी आलो’ म्हणाले तर सगळे हसले. भाषा सुधारू का? – एक मुलगी, पलूस

प्रमाण भाषा शीक, कामाला येते. ‘सुधारू’ मात्र म्हणू नकोस. आपल्याकडच्या बायका ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. माझी आई म्हणते, बहीण म्हणते. ‘लागिरं झालं जी’ 2017 मध्ये सुरू झाली आणि तिच्यातली साताऱ्याकडची बोली लोकांनी उचलून धरली. पण नंतर कितीतरी जणांनी प्रत्येक वाक्याला ‘बगा’ आणि ‘जी’ चिकटवलं, की झालं ग्रामीण! सातारा, सांगली, सोलापूर सगळं एकाच पातेल्यात. तुझ्या कानात जी खरी बोली आहे, ती त्यांच्याकडं नाही. दोन्ही येऊ देत.

माझी नऊ वर्षांची मुलगी एका मालिकेसाठी निवडली गेलीय. पाठवू का? – एक वडील, तासगाव

दादा, पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे विचारल्याशिवाय सही करू नका. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी 2017 चे केंद्राचे नियम आहेत. दिवसात 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही. सलग 27 दिवसांच्या वर नाही. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते. मानधनातला निदान 20 टक्के भाग तिच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, तो तिला सज्ञान झाल्यावर.

माझ्या मालिकेत धाकटी बहीण झालेल्या पोरीची आई रोज घड्याळ घेऊन मॉनिटरशेजारी बसायची. आम्ही मागून तिला ‘टायमर’ म्हणायचो. एकदा माझाच सीन अर्धा राहिला आणि ती पोरीला उठवून घेऊन गेली. मी चिडलो होतो. आज वाटतं, तिचंच बरोबर होतं.

एक जण रोल देतो म्हणून कलाकाराच्या ‘कार्डासाठी’ पंचवीस हजार मागतोय. देऊ का? – कराड

नको. त्याचा नंबर ब्लॉक करा आणि त्या पैशात एक चांगला शर्ट घ्या. दोन घ्या, एक पेटीत जाईल.