टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर ४ वर्षांचं मूल भुलीतून उठताना आकांडतांडव करू नये म्हणून काय करावं?

सेव्होफ्लुरेन (भुलीचा गॅस), २ ते ५ वय आणि घशाचं ऑपरेशन, तिन्ही धोके इथे एकत्र आलेत. सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या भुलीच्या औषधाच्या इन्फ्युजनवर (सतत सोडलेल्या धारेवर) भूल चालवणं. गॅसच वापरायचा असेल तर तो बंद करताना प्रोपोफॉल १ मिग्रॅ प्रति किलो द्या. सुरुवातीला एकदम दिलेल्या डोसचा (बोलस) असर शेवटपर्यंत टिकत नाही. किंवा डेक्समेडेटोमिडीन (शांत करणारं औषध) ०.५ मायक्रोग्रॅम प्रति किलो, १० मिनिटांत सावकाश. घाईने ढकललं तर नाडी मंदावते. ऑपरेशनआधी द्यायच्या मिडाझोलाम या गुंगीच्या औषधावर विसंबू नका: आधीची भीती कमी होते, पण हा प्रकार टळेलच असं नाही.

वेदना मात्र जाग यायच्या आधीच आटोक्यात हवी: पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ प्रति किलो, शिवाय गरजेप्रमाणे फेंटानिल (तीव्र वेदनाशामक) १ मायक्रोग्रॅम प्रति किलो. मुलाला हलवून उठवू नका, आपणहून उठू द्या.

तरीही नजरेला नजर न देता हातपाय झाडू लागलं, तर आधी श्वास आणि ऑक्सिजन पाहा. श्वास कोंडलेलं मूलही असंच तडफडतं. त्याला झोपेचं औषध दिलं तर जिवावर बेततं. खरा डिलिरियम (भुलीतून उठतानाचा हा गोंधळ) बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. तोवर सलाईनची सुई सांभाळा, मुलं ती हमखास उपसतात.